म्हशीच्या वाट्याच्या करंज्या

ऐका हो ऐका. भोर संस्थान, वेल्हे पेटा, तिथले डोंगर, दऱ्या, वाड्या-वस्त्या आणि त्यांतली तमाम माणसं व जनावरं यांना दवंडी पिटून कळवण्यात येतं, की प्रस्तुत लेखिकेनं ऐन नाताळच्या दिवशी एका म्हशीचा घास एका प्रतिष्ठित बाईच्या तोंडी घातला. हा गुन्हा तिनं एकटीनं केला, पूर्ण शुद्धीत केला आणि करताना वर गाणंही म्हटलं. म्हशीची तक्रार आजतागायत आलेली नाही. बाईंचं काय झालं ते पुढे सांगते.

ही गोष्ट मी आजवर इतक्यांदा सांगितली आहे, की मी घसा खाकरला की आमचे यजमान उठून अंगणात जातात. तोंडी सांगताना ते मध्येच, "असं नव्हतं, तसं होतं," असं करतात. कागदावर त्यांना ते जमणार नाही. म्हणून लिहायला बसले.

दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते. माहेर साताऱ्याकडचं, सासर कामथडीपासून चालत अर्ध्या तासावरच्या एका गावात. यजमान मिशनच्या शाळेचे मास्तर, म्हणजे शाळेतले सगळेच मास्तर ते एकटेच. शाळेला लागून दोन खोल्यांचं आमचं घर. घरात आम्ही दोघं, एक शेळी आणि सासूबाई.

सासूबाई तरुणपणी मिशनच्या दवाखान्यात सुईणपण शिकल्या होत्या. नवरा गेल्यावर दहा वर्षांच्या मुलाला घेऊन त्या या गावात आल्या आणि इथंच राहिल्या. गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. बाळंतीण अडली की नसरापुरापासून पार वेल्ह्याच्या बाजूपर्यंतचे लोक बैलगाडी घेऊन दारात उभे राहत. बोलायला अगदी कमी. मी एक वाक्य सांगायला जिथं उठून उभी राहायची, हातवारे करायची, दोन आवाज काढायची, तिथं त्या "बरं" म्हणायच्या. आमचं कसं जमलं हे मला अजून कळलेलं नाही, पण जमलं.

मी स्वभावानं उतावीळ. दूध तापेपर्यंत मला चुलीपाशी उभं राहवत नसे. सासूबाई मला भिंगरी म्हणत. आणि अशा भिंगरीच्या नशिबी आला आगमनकाळ. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, देवाच्या येण्याची वाट बघण्याचे दिवस. सासूबाई ते दिवस फार कडक पाळत. उपास वगैरे नाही. फक्त नाताळचं गाणं नाताळाच्या आधी तोंडातून निघता कामा नये. मी पहिल्या रविवारीच भांडी घासताना सुरू केलं, तर त्यांनी हातातली राख तशीच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पावणा आल्याबिगर ववाळायचं कुणाला?" झालं. चार आठवडे तोंड मिटून बसायचं. मला त्यापेक्षा उपास परवडला असता.

आता शेजार सांगते. आमच्या अंगणापलीकडे निवडुंगाचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एका शेतकरी घराचा मळा. त्या घरच्या कर्त्या बाईंना सगळं गाव 'काकी' म्हणे. उंच, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की ओढ्यापलीकडचा माणूस थांबून वळून बघे. कुंपणाला एका जागी खिंड होती आणि खिंडीत एक सपाट दगड. आमचा आणि काकींचा सगळा शेजारधर्म त्या दगडावर चाले.

कारण असं, की आम्ही ख्रिस्ती होतो, आणि ख्रिस्ती होण्याआधी आमच्या घराण्याची जात काय होती हे गाव विसरलं नव्हतं. आमचा देव बदलला होता. गावाच्या लेखी आमचा हात तोच होता. दिवाळीला काकी फराळ आणून त्या दगडावर ठेवत आणि दोन पावलं मागं सरून उभ्या राहत. मग आम्ही तो उचलायचा. नाताळाला सासूबाई तसंच करत. पळसाच्या पानावर मोजून सहा करंज्या, वर दुसरं पान, भोवती केळीच्या सोपटाची दोरी. पान अशासाठी, की आमच्या भांड्याला काकींना हात लावावा लागू नये. समोरच्याला नको म्हणायची वेळच येऊ नये याची काळजी सासूबाई घेत. काकी म्हणत, "लई केलंत बाई," आणि आम्ही पाठ फिरवेपर्यंत तिथंच उभ्या राहत.

पाठ फिरवल्यावर काय होतं हे बघायची बुद्धी सासूबाई गावात आल्यापासून चौदा वर्षांत कुणाला झाली नव्हती. मला पहिल्याच नाताळात झाली. लग्नाला सात महिने झाले होते. सासूबाई घरात शिरल्या, आणि मी खिंडीतून पलीकडे जाऊन काकींच्या गोठ्याजवळच्या पेंढ्याच्या उडवीमागं दडले. नवी नवरी, डोक्यावर पदर, पदरावर पेंढा.

काकी गोठ्यात आल्या. दोरी सोडली. पान उघडलं. एक करंजी हातात धरून त्यांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, हे मला सांगायलाच हवं. आणि मग सहाच्या सहा करंज्या गव्हाणीत टाकल्या. त्यांची म्हैस काळीभोर, एक शिंग खाली वळलेलं. तिनं डोळे मिटून खाल्ल्या. आमच्या घरच्या ओल्या खोबऱ्याची, वेलदोड्याची, मुरड घालून घालून बोटं दुखलेल्या करंज्यांची इतकी मनापासून दाद मला पुढे कुठल्याही माणसाकडून मिळाली नाही.

मी तशीच धावत घरी आले आणि सासूबाईंपुढे सगळा प्रसंग करून दाखवला. काकी झाले, दोरी झाले, शेवटी म्हैस झाले. यजमान वह्या तपासत होते. त्यांनी वही तोंडापुढे धरली. सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या.

कधीपासून, असं मी विचारलं. पहिल्या वर्षापासून, म्हणाल्या. मग दर वर्षी का देता, असं मी विचारलं, आणि विचारताना माझा आवाज इतका चढला की शेळी ओरडली. त्या काही वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग खाली मान घालूनच म्हणाल्या, की त्या या गावात आल्या तेव्हा पाणी मिळत नव्हतं. सगळ्या विहिरींवरून परत फिरल्या. काकी तेव्हा नव्या सासरवाशीण नव्हत्या, पण सासू जिवंत होती आणि सासूचा धाक होता. तरी त्यांनी आपल्या विहिरीचं पाणी शेंदून वरून सासूबाईंच्या घागरीत ओतलं. लांबून ओतलं, पण ओतलं. रोज.

"तिनं माझ्या घरची एक करंजी खाल्ली, की म्या हितली झाले," सासूबाई म्हणाल्या. "यंदा न्हाई तर म्होरच्या वर्साला खाईल."

इतकं लांब बोलणं त्यांनी त्या वर्षात परत केलं नाही.

रात्री यजमानांनी मला समजावून सांगितलं, की आईचा आगमनकाळ चार रविवारांचा नाहीच, चौदा वर्षांचा आहे. मला ते कळलं. पण पटलं नाही. वाट बघणारी माणसं मला नेहमीच थोडी बावळट वाटत आली होती.

पुढच्या वर्षीचा आगमनकाळ आला. तिसरा रविवार झाला. यजमान भोरच्या बाजारातून नारळ, वेलदोडे आणि मैदा घेऊन आले होते. भात झोडून झालं होतं, शेतात नुसते धसकटांचे सड उरले होते, सकाळी थंडी अशी की तोंडातून वाफ निघे. नाताळ चार दिवसांवर आला होता. आम्ही सकाळी अंगण सारवत होतो, तोच खिंडीत काकी दिसल्या. डोक्यावर पदर नाही, कुंकू फिसकटलेलं. त्यांची धाकटी लेक मार्गासनीला दिली होती. पहिलं बाळंतपण. आदल्या सकाळपासून अडली होती आणि तिथल्या सुईणीनं हात टेकले होते. निरोप घेऊन आलेला माणूस मागं उभा होता.

काकींनी काही मागितलं नाही. सासूबाईंनी शेणाचे हात धुतले, आपली पिशवी काढली, लुगड्याचा ओचा वर खोचला. काकींच्या थोरल्या मुलानं गाडी जुंपली होतीच. जाता जाता सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं, की मी येईन न येईन, फराळाचं तू कर, पण पहिली काकींची पुडी बाजूला काढ. आधी ती, मग घरची, मग उपासनेला येणाऱ्या मंडळींची.

गाडी निघाली ती मला अजून दिसते. काकी पुढे, मुलाच्या पाठीला टेकून बसल्या होत्या. आणि माझ्या सासूबाई, जिच्या हातात त्यांच्या लेकीचा जीव द्यायचा होता ती बाई, गाडीच्या मागच्या टोकाला, पाय खाली सोडून, एका हातानं दांडी धरून. मध्ये तीन माणसं बसतील एवढी जागा मोकळी.

मी त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले, आणि डोक्यात तिडीक गेली ती गेलीच.

दोन दिवस काही खबर नाही. मला घरात थारा होईना. पाणी भरायला गेले की रस्त्यापर्यंत जाऊन यायचे, चूल पेटवली की पुन्हा रस्त्यावर. नसरापूरच्या बाजूनं धुरळा दिसला की पदर सावरून उभी राहायचे. तर मेंढरं घेऊन कुणी धनगर उतरत असायचा, किंवा उसाची गाडी. यजमान म्हणाले, तुझ्या येरझाऱ्यांनी रस्ता झिजेल. मी म्हटलं, झिजू दे. पोर मेली तर गाव कुणाच्या नावानं बोटं मोडेल हे मला माहीत होतं. आणि पोर वाचली तर काय होईल हेही मला माहीत होतं. दगड होईल, पान होईल आणि म्हैस होईल. बाईंचा हात चालतो, करंजी चालत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, नाताळाच्या आदल्या दिवशी, मी फराळाला बसले. खोबरं खवताना माझ्या मनात एक विचार आला, आणि तो इतका सरळ होता की मला हसू फुटलं. करंज्या म्हैसच खाणार. मग म्हशीला खोबरं कशाला? तिला काय आवडतं ते तिला द्यावं. यात कुणाचं वाईट आहे? उलट हा म्हशीचा मान आहे.

काकींचा गडी गोठ्यात धार काढत होता. मी आमच्या शेळीचं नाव सांगून त्याच्याकडून ओंजळभर सरकीची पेंड मागून आणली. म्हणजे मालही काकींचाच. ती भिजवली, त्यात भाताचा कोंडा मिसळला, चिमटीभर गूळ घातला, कारण मी काही अगदीच दुष्ट नव्हते. जाड्या पिठाच्या पाऱ्या लाटल्या. घरच्या करंज्यांना मी हातानं मुरड घातली होती. या सहांच्या कडा कातण्यानं झरझर कापल्या, म्हणजे चुकूनही मिसळायला नकोत. तळल्यावर त्या चांगल्या दिसत होत्या. फसवणूक करायची तर देखणी करावी. आणि तळताना मी नाताळचं गाणं म्हटलं, मोठ्यानं, एक दिवस आधी. अडवणारं कुणी घरात नव्हतं.

मग सासूबाईंनी सांगितलं होतं तसंच केलं. पहिली पुडी काकींची. पळसाचं पान, वर पान, ओल्या सोपटाची घट्ट गाठ. फळीवर ठेवली. मग खुशीत झोपले.

नाताळची सकाळ उजाडली तरी गाडी नव्हती. शाळेच्या खोलीत उपासना. आसपासच्या गावांतली आपली वीसेक माणसं, चटया, दोन झांजा, एक मृदंग. करंज्यांचा डबा यजमान आधीच शाळेत घेऊन गेले होते, उपासनेनंतर मंडळींना वाटायला. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, त्या भागात महिन्यातून एकदा येत आणि तो दिवस आमचा नव्हता, म्हणून प्रवचन यजमानांनी केलं. त्यांचा आवाज असा, की खिडकीतली चिमणीसुद्धा उडून जाण्याची तसदी घेत नसे. मी इतर वेळी त्यांच्या प्रवचनात मनातल्या मनात भाजी निवडते. त्या दिवशी ते काही नवीन बोललेच नाहीत. देवाचं आपल्यावर प्रेम आहे, म्हणून त्यानं आपला मुलगा दिला, बस. घेणारा कसा आहे ते बघून दिला नाही. आणि मग शांतपणे म्हणाले, की आपण त्याचं केलं काय? घरात जागा नाही म्हटलं, आणि त्याला गव्हाणीत ठेवला. जनावर जिथं तोंड घालतं तिथं. तरी देवानं तो परत मागून घेतला नाही.

मी चटईवर सरळ झाले.

हा गृहस्थ आईबद्दल बोलत होता की देवाबद्दल, हे मी त्यांना पुढे अनेकदा विचारलं. ते म्हणतात, प्रवचन होतं, दुसरं काय. पण मला गव्हाण दिसली. चौदा वर्षं तिच्यात पडत आलेल्या करंज्या दिसल्या, आणि कुणी त्या एकदाही परत मागून घेतल्या नव्हत्या. वर्षभर माझ्या हिशोबी सासूबाई भोळ्या होत्या. आता मला वाटायला लागलं, की त्या घरात देवासारखं वागणारं एकच माणूस होतं, आणि त्याच्या नावावर मी पेंड बांधून ठेवली होती. म्हैस तिकडे काहीही खावो. पुडी द्यायची होती सासूबाईंच्या नावानं.

शेवटची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी उठले आणि बाहेर पळाले.

घरात येऊन पुडी फळीवरून काढली. सोपट रात्रीत वाळून तारेसारखं झालं होतं. गाठ नखांनी सुटेना, दातांनी सुटेना. विळी शोधायला वळले तर अंगणात घुंगरं वाजली.

गाडी दारातच येऊन थांबली. मी पुडी हातात घेऊन उंबऱ्यात उभी. गाडीत मध्ये मोकळी जागा नव्हती. काकी आणि सासूबाई शेजारी शेजारी बसल्या होत्या, एकाच घोंगडीत.

मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे काकींच्या मुलानं बैल सोडायच्या आधीच ओरडून सांगितलं. काकी उतरल्या. मी वाट बघत होते की त्या खिंडीकडे वळतील. त्या वळल्या नाहीत. अंगण ओलांडून आमच्या ओट्याशी आल्या आणि ओट्यावर बसल्या. आमच्या ओट्यावर. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, माझ्याकडे न बघता. मार्गासनीला दोन दिवस बाईंनी पोरीची पाठ सोडली नाही. आणि लेकीच्या सासरच्यांनी बाईंचं ताट गोठ्याच्या वळचणीला मांडलं. काकी घरात जेवायला बसल्या होत्या. दारातून त्यांना दिसलं, की बाई कोपरापर्यंतचं रक्त धुऊन गोठ्याच्या भिंतीशी उभ्या उभ्या भाकरी खाताहेत. शेजारी बैल. सोयऱ्यांच्या घरात त्या काही बोलू शकल्या नाहीत. गाडीत बोलल्या, की यंदा माझं दगडावर ठेवू नका, मी तुमच्या दारात येऊन खाणार.

सासूबाई ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. तीन दिवस झोप नाही, डोळे खोल गेलेले. पण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या हातातली पुडी बघितली. मी ती दगडावर न्यायला निघाले होते असंच त्यांना वाटलं असणार.

"आण हिकडं," त्या म्हणाल्या. "आज दगडावर न्हाई."

वाचकहो, मी आयुष्यात बरीच नाटकं केली आहेत, पण त्या पाच मिनिटांइतकं वाईट काम मी कधी केलं नाही. मी म्हटलं, या करपल्यात. म्हटलं, तेलाला वास येत होता. म्हटलं, शाळेतून चांगल्या घेऊन येते, ही गेले ही आले. पुडी पाठीमागं धरली. सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांना वाटलं, सून मागच्या वर्षीचा राग काढतेय, दारात आलेल्या माणसाला द्यायला कांकूं करतेय. त्यांनी पुडी माझ्या हातातून काढून घेतली. माझ्या दातांनी जी गाठ सुटली नव्हती ती त्यांनी एका हिसक्यात तोडली आणि पान काकींच्या मांडीवर ठेवलं. हातानं. मध्ये अंतर न ठेवता.

काकींनी एक करंजी उचलली. कातण्याची नक्षी बघितली, चांगली म्हणून मान हलवली आणि अर्धी तोडली.

चावणं थांबलं.

त्या बाईनं चाळीस वर्षं स्वतःच्या हातानं म्हशींना पेंड भिजवून घातली होती. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं उरलेल्या अर्ध्या करंजीत बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या डोळ्यांत आग असेल. नव्हती. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसं ती बघत होती, आणि मीही तिच्याकडे तसंच बघत होते. तिला कळलं की मला माहीत आहे. मला कळलं की तिला कळलं. आणि आमच्या दोघींच्या मध्ये सासूबाई उभ्या होत्या, ज्यांना या पेंडीचं काहीच माहीत नव्हतं.

मी तुटलेलं सोपट उचलून बोटाला गुंडाळायला लागले.

काकींनी घास गिळला. मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "ग्वाड झाल्यात बाई."

आणि उरलेली अर्धीही तोंडात टाकली. मग दुसरी उचलली. कोंडा त्यांच्या दातांखाली करकरताना मला ऐकू येत होता. त्या शांतपणे चावत होत्या, जणू घरच्या लग्नाचं जेवण आहे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. शाळेतली मंडळी बाहेर येऊ लागली होती. यजमान रिकामा डबा हातात घेऊन अंगणात आले आणि ओट्यावर कोण बसलं आहे ते बघून जागच्या जागी थांबले. काकींनी तिसरी उचलली. मला वाटत होतं की आता जमिनीनं मला पोटात घ्यावं, किंवा निदान शेळीनं सुटून येऊन सगळं पान फस्त करावं. शेळी झोपली होती.

तेवढ्यात सासूबाई वळल्या. डोळे पुसले. ओट्यावर काकींच्या शेजारी बसल्या, अगदी खेटून, आणि कुणालाही न विचारता, जशी बहीण बहिणीच्या ताटात हात घालते तसा त्यांनी काकींच्या मांडीवरच्या पानात हात घातला. त्यांनाही एक हवी होती. त्याच पानातली.

काकींनी झटक्यात पान उचलून छातीशी धरलं.

सासूबाईंचा हात हवेतच राहिला. मग हळूहळू मागं आला, मांडीवर गेला आणि मिटला. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं. पंधरा वर्षांची सवय असलेलं माणूस जसं दोन पावलं मागं सरतं तशा त्या बसल्या बसल्या बाजूला सरकल्या, आणि दोघींच्या मध्ये पुन्हा ती गाडीतली मोकळी जागा झाली. अंगणातली माणसं खाली बघायला लागली. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधीच काकींनी तोंडात घास तसाच असताना, ओढ्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हटलं,

"अवं, इटाळ न्हाई वो बाई, ही म्हशीची हाय, पेंडीची! माझी द्या की!"